घरघरणाऱ्या संगणकाला फॉरमॅट मारू नका

घरातला संगणक चालता चालता बंद पडतो, कधी निळी स्क्रीन दाखवतो, कधी आपणहून रीस्टार्ट होतो, आणि त्याच सुमारास कॅबिनेटमधून टकटक किंवा घरघर ऐकू येते. अशा वेळी बहुतेक घरांत तीनपैकी एक गोष्ट होते. कुणी अँटिव्हायरस टाकून बघतं, कुणी फॉरमॅट मारून विंडोज नव्याने बसवतं, आणि या दोन्हीचा कंटाळा असलेली मंडळी शनिवारी सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअर मॉलमधून नवा संगणक घेऊन येतात. आवाजाकडे यांपैकी कुणीही लक्ष दिलेलं नसतं. खरं तर सगळ्यात भरवशाचा पुरावा तोच असतो. सॉफ्टवेअर बिघडलं तर संगणक अडकेल, भलतीच उत्तरं देईल, फार तर पंखा जोरात फिरवेल; टकटक मात्र करणार नाही. टकटक, खरखर, घरघर हे हलणाऱ्या भागांचे आवाज, आणि सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह सोडला तर घरच्या संगणकात हलणारे भाग दोनच, हार्ड डिस्क आणि पंखे. मिक्सर मोकळा फिरतोय की काही अडकलंय हे ज्यांना स्वयंपाकघराबाहेरूनही कळतं, त्यांना हा फरकही कळू शकतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आवाज करत बंद पडणाऱ्या संगणकावर पहिल्या दिवशी दुरुस्ती करायची नाही. आधी आतल्या मजकुराची प्रत काढायची, मग निदान, आणि फॉरमॅट सगळ्यांत शेवटी, तोही गरज उरली तर.

‘परत चालू झाला ना, मग झालं’ ही समजूत फार महागात पडते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतली नव्हेत, तर सामान्य लोकांची यंत्रं बंद पडल्यावर जमा झालेली माहिती त्यांनी तपासली होती. त्यांचा निष्कर्ष साध्या समजुतीच्या उलट होता. हार्डवेअरमुळे एकदा बंद पडलेला संगणक पुन्हा तसाच बंद पडण्याची शक्यता, कधीच बंद न पडलेल्या संगणकाच्या तुलनेत, शंभर पटींपर्यंत जास्त असते. म्हणजे पहिला झटका हा योगायोग मानून सोडून देण्यासारखा नसतो. पहिल्या आणि दुसऱ्या झटक्यांच्या मधला काळ हाच हाताशी असलेला वेळ आहे, आणि तो आपण अँटिव्हायरसची पट्टी पुढे सरकताना बघण्यात घालवतो.

टकटकीकडे जवळून पाहिलं तर हे जास्त पटेल. हार्ड डिस्कमध्ये आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावरून वाचणारं शीर्ष तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळतं ते तबकडीवर कारखान्यातच कोरून ठेवलेल्या चुंबकी खुणांवरून. शीर्ष अशक्त झालं किंवा पृष्ठभाग खराब झाला की या खुणा सापडेनाशा होतात. मग डिस्क शीर्षाला मागे खेचून आपल्या जागी नेते आणि पुन्हा पाठवते. सापडलं नाही, की पुन्हा मागे. ही ये-जा म्हणजेच ती तालात येणारी टकटक. तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट बघत बसतं, माउस हलत नाही, खिडकीवर पांढुरकी छटा येते, आणि शेवटी सगळंच थिजतं. बंद पडणं आणि आवाज या दोन तक्रारी नसतात, एकाच घटनेची ती दोन टोकं असतात. अशा डिस्कवर फॉरमॅट मारायचा आणि विंडोजचे काही गिगाबाइट नव्याने लिहायचे, किंवा चेक-डिस्क लावून सगळा पृष्ठभाग इंच-इंच वाचून घ्यायचा, म्हणजे दुखऱ्या भागावरूनच शीर्षाला हजारो फेऱ्या मारायला लावायच्या. तबकडी एकदा खरवडली गेली की त्या जागचे फोटो कुणालाच परत आणता येत नाहीत. डिस्क किती यांत्रिक वस्तू आहे याचा एक विलक्षण दाखला २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या अभियंत्याने दिला. जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’ या गाण्यातला एक सूर काही लॅपटॉपांमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनांशी जुळायचा, आणि गाणं लावलं की लॅपटॉप बंद पडायचा. शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपसुद्धा! निर्मात्याला तो सूर गाळणारी चाळणी आवाजाच्या यंत्रणेत बसवावी लागली.

यावर एक आक्षेप जाणकारांकडूनच येतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम ती नोंद मिनिटभरात दाखवतो, तिथे निळं ‘गुड’ दिसलं तर आवाजाला कशाला घाबरायचं? नोंद जरूर बघावी, पण तिचा अर्थ एकाच दिशेने लागतो. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. पहिली वाचन-चूक नोंदली गेलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. इथपर्यंत नोंदीची बाजू भक्कम आहे. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर मुख्य चार धोक्याच्या खुणांपैकी एकही नव्हती. तेव्हा नोंदीने ‘वाईट’ म्हटलं तर विश्वास ठेवा, ‘चांगलं’ म्हटलं तर निश्चिंत होऊ नका. कान आणि नोंद यांचं जमत नसेल तर मी कानाची बाजू घेईन. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर मग वादच उरत नाही. ७ म्हणजे खराब भाग सापडला, १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बघून मात्र लोक उगाच पॉवर सप्लाय बदलतात. संगणक नीट बंद न होता सुरू झाला, एवढंच ती सांगते. का, ते सांगत नाही.

पंख्याचा प्रश्न पासिर रिसमध्ये थोडा वेगळा आहे, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. हे गाव सिंगापूर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, समोर पुलाऊ उबिन, शेजारी चांगी. खिडक्या उघड्या ठेवणारी घरं खूप, कारण वारा चांगला येतो. त्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. कोरडं असेपर्यंत मीठ निरुपद्रवी असतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. सिंगापुरात कोरड्या दिवशीसुद्धा पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते आणि दुपारी ६० च्या आसपास उतरते. म्हणजे मदरबोर्डवर बसलेली खारट धूळ दिवसाच्या काही तासांत कोरडी आणि काही तासांत ओलसर, वीज वाहू शकेल अशी होते. त्यात सातव्या चिनी महिन्यात इमारतींखाली पेटवलेल्या कागदांची राख वर चढते, आणि कधी सुमात्राचा धूर येतो. २१ जून २०१३ रोजी इथला हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (पीएसआय) ४०१ वर गेला होता. कॅबिनेटचं झाकण काढून प्रोसेसरवरच्या पंख्याखाली टॉर्च मारला तर या सगळ्याचा हिशेब दिसतो. ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडावर करडी, किंचित चिकट, नमद्यासारखी घट्ट चादर बसलेली असते. बोटाने टोक पकडून ओढली तर अखंड सुटून येते. पंखा या चादरीवर आपटून हवा मागे फेकत असतो, जीव तोडून फिरत असतो, आणि खालचा प्रोसेसर शंभर अंशांकडे निघालेला असतो. तिथे पोचला की तो आधी वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी वीजच तोडतो. घरातले लोक याला ‘क्रॅश’ म्हणतात.

डिस्कचा बिघाड आणि उष्णतेचा बिघाड वेगळा ओळखायला वेळ हेच साधन पुरतं. संगणक थंड असताना, सुरू होताच किंवा एखादी ठरावीक फाइल उघडताच अडकत असेल तर संशय डिस्कवर. गेम किंवा लांबलचक व्हिडिओ कॉल सुरू झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, पंख्याचा सूर चढत चढत जाऊन बंद पडत असेल तर संशय धुळीवर. पंख्याचं बेअरिंग झिजलं असेल तर खरखर सुरुवातीला, थंड असतानाच जास्त येते आणि मग कमी होते. साफसफाई करताना प्लग काढा, पातं बोटाने धरून ठेवा आणि हवा आतून बाहेर मारा. पातं मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने नको तेवढ्या वेगात फिरतं आणि बेअरिंगचं उरलंसुरलं आयुष्यही जातं. प्रत्येक गोष्ट उष्णतेवर ढकलण्याची सवय मात्र बरी नाही. गूगलच्या त्याच अभ्यासात डिस्कच्या मरणाचा तापमानाशी संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आढळला होता. धूळ काढल्यावरही टकटक राहिली तर धुळीचं समाधान मानून बसू नका.

इथल्या मराठी घरांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. चालू संगणक आतून उबदार असतो, आणि उबदार हवेची सापेक्ष आर्द्रता कमी असते, म्हणून रोजच्या वापरातलं यंत्र बऱ्यापैकी कोरडं राहतं. धोका असतो तो बंद पडून राहिलेल्या यंत्राला. शाळांना जूनमध्ये चार आठवडे आणि वर्षअखेरीला सहा आठवडे सुट्टी. घरं पुण्या-मुंबईला जातात, एसी बंद, खिडकी किलकिली, आणि संगणक महिनाभर खाऱ्या ओलाव्यात. परतल्यावर पहिल्याच दिवशी तो बिघडला की मुलांच्या गेमवर खापर फुटतं. सुट्टीहून आल्यावर खोलीतली हवा एसीच्या ड्राय मोडवर तासभर कोरडी करून मग संगणक लावला तर बरंच टळतं. याच्या उलट चूकही होते. रात्रभर २२ अंशांवर थंड केलेल्या खोलीची खिडकी सकाळी सताड उघडली, तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू इथे २४ अंशांच्या आसपास असल्याने थंड धातूवर पाणी सुटतं. चष्म्यावर वाफ धरते तेव्हा तीच वाफ बोर्डावरही धरलेली असते.

उरलेल्या आवाजांबद्दल थोडक्यात. शिट्टीसारखा बारीक, गेम चालू झाला की चढणारा आणि थांबला की थांबणारा सूर बहुधा व्होल्टेज सांभाळणाऱ्या वेटोळ्यांच्या कंपनाचा असतो. कानाला त्रास, यंत्राला नाही. पॉवर सप्लायमधून चरचर किंवा जळका वास येत असेल तर तो डबा स्वतः उघडू नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतात, आणि त्याची दुरुस्ती हा घरी शिकायचा विषय नव्हे. तो पूर्ण बदलावा.

आता मोठा आक्षेप. मी हार्डवेअरच्या मागे लागलोय, पण आजकाल बहुतेक बिघाड सॉफ्टवेअरचेच असतात की! १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर नेले, आणि शेजारच्या चांगी विमानतळावर काही विमान कंपन्यांना हाताने चेक-इन करावं लागलं. हे खरंच आहे. पण त्या दिवशी एकाही संगणकाने त्या अपडेटमुळे टकटक केली नाही. माझा दावा आवाजासकट येणाऱ्या बिघाडापुरता आहे, आणि तेवढ्यापुरता तो पक्का आहे. शिवाय त्याच वर्षीची दुसरी घटना उलट शिकवण देते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर गेम कोसळायचे आणि स्क्रीनवर संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी कमी पडली. लोकांनी ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली, गेमवाल्यांना शिव्या दिल्या. दोष निघाला प्रोसेसरला मिळणाऱ्या जास्त व्होल्टेजमध्ये. इंटेलने जुलै २०२४ मध्ये तो मान्य केला, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेल्या चिप त्या दुरुस्तीने सुधारल्या नाहीत. स्क्रीनवरचा संदेश म्हणजे बिघाड जिथे उघडा पडला त्या जागेचं नाव. तो जिथे जन्मला ती जागा वेगळी असू शकते. म्हणून निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तो बदल पुरेसा वेळ वापरून बघायचा. रॅमची एक पट्टी काढली, पंखा पुसला आणि ड्रायव्हरही बदलला, आणि संगणक सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही, आणि महिन्याने तो पुन्हा पडतो तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक चालवून घेऊ नये.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि सिंगापूरचा. इथे माणसाचा वेळ महाग, कारागीर महाग, नवं यंत्र दारात येऊन पडतं. दोन शनिवार कॅबिनेट उघडून बसायला कुणाला परवडतं? या हिशेबात एक चूक आहे. निदानाला दोन शनिवार लागत नाहीत. ऐकायला पाच मिनिटं, नोंदी बघायला दहा, धूळ काढायला अर्धा तास. तेवढ्यात बहुतेक वेळा कळतं की बिघडलंय ते एका पंख्याएवढं किंवा एका डिस्कएवढं, अख्खा संगणक नव्हे. याच बेटावर सीगेटने १९८२ मध्ये काम सुरू केलं, आणि पुढे बरीच वर्षं जगात सर्वाधिक हार्ड डिस्क सिंगापुरात बनल्या. त्या बेटावरच्या घरांनी डिस्कचा आवाज ओळखू नये याचं मला वाईट वाटतं. सिंगापूर वर्षाला सुमारे ६०,००० टन इ-कचरा निर्माण करतं. १ जुलै २०२१ पासून तो गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर आली, मॉलमॉलमध्ये पेट्या आल्या, ही चांगलीच गोष्ट. पण पेटी जवळ आली म्हणून चालू शकणारं यंत्र तिच्यात टाकणं हा पुनर्वापर नव्हे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिपेअर कोपिटिअमसारख्या उपक्रमात लोक शेजारी बसवून दुरुस्ती शिकवतात, ती वृत्ती मला जास्त मोलाची वाटते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हापासून जुनी यंत्रं टाकून देण्याला आणखी एक सबब मिळाली आहे. विंडोज ११ घेत नाही हा त्या यंत्राचा दोष खराच, पण तो बंद पडण्याचा दोष नव्हे. लिनक्स घातलेला स्वच्छ पंख्याचा आठ वर्षं जुना संगणक मुलाच्या गृहपाठाला पुरून उरतो.

कुणी म्हणेल, आता सगळीकडे एसएसडी आल्या, त्यांत हलणारं काहीच नाही, तुमचा टकटकीचा विषयच संपत आला. संपत आलाय, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. एसएसडी जाते तेव्हा अनेकदा आवाज न करता, पूर्वसूचना न देता, एकाच क्षणात जाते. जुन्या डिस्कने निदान अनेकदा आधी दार वाजवलेलं असायचं. प्रत काढायची सवय ज्या घराने टकटकीच्या काळात लावून घेतली नाही, त्या घराला एसएसडी एकही संधी देणार नाही. आजी-आजोबांचे स्कॅन केलेले फोटो, गावच्या जमिनीचे कागद, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट आणि पासच्या प्रती हे सगळं एका जागी असेल तर ते कुठेच नाही असं समजून चालावं. एक प्रत घरात दुसऱ्या डिस्कवर, एक घराबाहेर.

आणि ज्यांच्या डिस्कची टकटक आज सुरू झाली आहे आणि प्रत नाही, त्यांनी हा लेख वाचण्याआधी संगणक बंद करायला हवा होता. अजून चालू असेल तर आत्ता करावा. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा अजूनही सांगितला जातो. आपल्या हवेत ती बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरेल, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. आवाज सतत आणि तालात येत असेल आणि आतला मजकूर अनमोल असेल, तर ती पुन्हा न लावता थेट धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्यावी. खर्च भारी असतो, म्हणून आत नक्की काय आहे हे आधी ठरवावं. आवाज अधूनमधून येत असेल आणि डिस्क अजून वाचली जात असेल, तर तिच्यावरचं विंडोज चालू न करता ती दुसऱ्या संगणकाला जोडून, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, डीडीरेस्क्यूने उतरवून घ्यावी. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागांवर शेवटी परततो. चेक-डिस्क नेमकं याच्या उलट, अडलेल्या जागेवरच डोकं आपटत बसतं. आणि डिस्क इतकी मोठी असेल की सगळं एका दमात उतरणार नाही, तर डीडीरेस्क्यूऐवजी फाइल निवडून उतरवाव्यात, आणि त्यांचा क्रम कागदावर लिहून मगच सुरू करावं. आधी फोटो आणि कागदपत्रं, मग कामाच्या फाइल, मग मेल. चित्रपट आणि गाणी सगळ्यांत शेवटी. ती राहून गेली तरी चालेल.